ट्रॉट्स्कीची सेक्रेटरी, व्हिस्कीचं सरबत आणि फेमस फाइव्ह

'मुलांच्या पुस्तकांत तरी राजकारण आणू नका' हे वाक्य हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे वाचायला मिळतं. कुठल्या तरी जुन्या बालपुस्तकातले शब्द बदलले, कुठल्या तरी शाळेच्या कपाटातून एखादं पुस्तक काढून टाकलं, की दोन्ही बाजूंनी तलवारी निघतात. एक बाजू म्हणते, आमचं बालपण नासवलं. दुसरी म्हणते, तुमचं बालपणच नासकं होतं. आणि या भांडणात एनिड ब्लायटनचं नाव हमखास येतं, कारण आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजीतलं पहिलं सलग वाचलेलं पुस्तक तिचंच असतं.

मला या वाक्यातल्या 'आणू नका' या शब्दांची गंमत वाटते. आणायचं कुठून? ते तिथेच होतं की. ज्या ब्रिटिश साहसकथांना आपण निरागस म्हणतो (बेटं, होड्या, तंबू, चोरवाटा, आईबाप लांब आणि खाऊ भरपूर) त्या लिहिणाऱ्यांपैकी तीन मोठी नावं घ्या. आर्थर रॅन्सम, डब्ल्यू. ई. जॉन्स, एनिड ब्लायटन. पहिल्यावर सरकारनं पाळत ठेवली. दुसऱ्याला सरकारनं कामाला लावलं. तिसरीला देशाच्या रेडिओनं वर्षानुवर्षं दारात उभं केलं नाही. मुलांनी काय वाचावं हे ठरवायला तेव्हाही समित्या होत्या, आणि आत्ताही आहेत. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

रॅन्समपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे तो सगळ्यात कमी वाचला गेला आणि गोष्ट त्याचीच सगळ्यात भन्नाट आहे.

जन्म १८८४, लीड्स. वडील इतिहासाचे प्राध्यापक. सुट्ट्या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात, कॉनिस्टन तळ्याकाठी. वडील लवकर गेले, १८९७ मध्ये. पोरगा लेखक व्हायचं म्हणून लंडनला पळाला, लग्न केलं, मुलगी झाली, ऑस्कर वाइल्डवर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून लॉर्ड आल्फ्रेड डग्लसनं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. खटला रॅन्समनं जिंकला, पण लग्न तोवर मोडकळीला आलं होतं. १९१३ साली तो रशियाला गेला. कारण सांगायचं तर लोककथा गोळा करायला, खरं कारण विचाराल तर घरापासून लांब. लोककथा त्यानं गोळा केल्याही, १९१६ मध्ये पुस्तकही आलं. पण तोपर्यंत महायुद्ध सुरू झालं होतं आणि तो लंडनच्या 'डेली न्यूज'चा बातमीदार झाला होता. मग १९१७ उजाडलं.

ऑक्टोबर क्रांतीनंतर पेट्रोग्राड आणि मॉस्कोत ज्या मोजक्या ब्रिटिश पत्रकारांना बोल्शेविक नेत्यांच्या खोल्यांत सहज प्रवेश होता त्यात हा एक. लेनिनशी समोरासमोर बसून बोलायचा. कार्ल राडेक त्याचा दोस्त. आणि ट्रॉट्स्कीच्या कचेरीत मुलाखतीसाठी गेला असताना तिथल्या सेक्रेटरीशी ओळख झाली. येवगेनिया पेत्रोव्हना शेलेपिना. ओळखीचं प्रेम झालं. दोस्तराष्ट्रांनी रशियात सैन्य घालू नये असं तो जाहीरपणे लिहीत होता, त्यामुळे लंडनमध्ये त्याला सरळसरळ 'बोल्शेविकांचा माणूस' म्हणायला लागले. १९१९ च्या मार्चमध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा त्याला थेट स्कॉटलंड यार्डात नेण्यात आलं. तिथल्या बड्या अधिकाऱ्यानं विचारलं, तुमचं राजकारण नेमकं काय? रॅन्सम म्हणाला, मासेमारी. ही गोष्ट त्याची त्यानंच सांगितलेली आहे, तेव्हा थोडं तिखटमीठ असेल. पण सुटला, हे खरं.

आता पुढचं बघा. २००५ साली लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं त्याची एमआय फाइव्हची जुनी फाइल खुली केली. देशांतर्गत हेरखातं त्याच्यावर संशय घेत होतं, हे कागदोपत्री दिसलं. आणि त्याच काळात परदेशातलं हेरखातं, ज्याला आज आपण एमआय सिक्स म्हणतो, त्याच माणसाला एस ७६ या सांकेतिक नावानं आपला खबऱ्या म्हणून वापरत होतं! एका खात्याला तो देशद्रोही वाटतोय आणि दुसरं खातं त्याच्याकडून माहिती घेतंय. सरकारी खात्यांचा आपापसातला समन्वय सगळीकडे सारखाच म्हणायचा. तो मनानं नक्की कोणाचा होता यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर येवगेनियाचा. कारण १९१९ च्या शरदात यादवी युद्ध पेटलेलं असताना तो एस्टोनियाच्या बाजूनं आघाडी ओलांडून रशियात शिरला, एस्टोनियाचा तहाचा निरोप बोल्शेविकांना पोचवला आणि येताना तिला घेऊन बाहेर पडला. पहिल्या बायकोकडून घटस्फोट मिळायला पुढे बराच काळ गेला. १९२४ मध्ये आज ज्याला टालिन म्हणतात त्या गावात दोघांनी लग्न केलं, आणि ट्रॉट्स्कीची ही सेक्रेटरी विंडरमिअर तळ्याजवळच्या एका टेकडीवरच्या घरात संसार करायला आली. आता तो 'मँचेस्टर गार्डियन'साठी लिहीत होता.

१९२८ च्या उन्हाळ्यात सिरियातल्या अलेप्पोहून एक कुटुंब कॉनिस्टनला सुट्टीला आलं. डॉ. अर्नेस्ट आल्टूनियन, अर्मेनियन बापाचा मुलगा. त्याच्या वडिलांचं अलेप्पोत नावाजलेलं इस्पितळ होतं. बायको डोरा ही रॅन्समच्या जुन्या स्नेह्यांची, कॉलिंगवुड घराण्यातली मुलगी. त्यांची मुलं : टाकी, सूझी, टिटी, रॉजर आणि धाकटी ब्रिजिट. मुलांसाठी शिडाच्या दोन छोट्या होड्या घेतल्या, 'स्वॅलो' आणि 'मेव्हिस', आणि होडी हाकायला शिकवण्यात रॅन्सम रमला. १९३० मध्ये 'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' आलं. पाठोपाठ १९४७ पर्यंत अशी एकूण १२ पुस्तकं.

या पुस्तकांची खासियत अशी की त्यात जादू नाही, परी नाही. मुलं तंबू ठोकतात, चहा उकळतात, मासे धरतात, होडी उलटू नये म्हणून वाऱ्याचा अंदाज घेतात. प्रत्येक गोष्ट कशी करायची ते इतकं नीट सांगितलेलं असतं की पुस्तक वाचून गाठ मारता येईल. बाप नौदलात, दूरदेशी. त्याच्या तारेनं परवानगी येते आणि मुलं बेटावर राहायला जातात. त्या तारेचा आशय थोडक्यात असा, की मुलं हुशार असतील तर बुडणार नाहीत आणि बुडण्याइतकी बावळट असतील तर गेली तरी हरकत नाही. आजच्या पालकांच्या ग्रुपवर हे टाकून बघा!

पण आपल्यासारख्या वाचकांच्या डोळ्यांत भरणारी गोष्ट वेगळीच. ही मुलं खेळतात ते काय खेळतात? शोधमोहिमांचा खेळ. बेट म्हणजे नवा मुलूख, जवळचं गाव म्हणजे 'रिओ', आणि 'स्वॅलोडेल' या १९३१ च्या पुस्तकात तळ्याकाठचा डोंगर चढतात त्याला नाव देतात 'कांचनजंगा'. आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांना, आईसकट, म्हणतात 'नेटिव्ह'. ज्यांना आपल्या पणजोबांच्या काळात हा शब्द तोंडावर ऐकावा लागला त्यांच्या पोरांनी हे वाचताना काय समजायचं? मला तरी हे वाचून राग येत नाही, उलट मौज वाटते. साम्राज्य चालवणाऱ्यांची मुलं सुट्टीत साम्राज्य-साम्राज्य खेळतायत आणि त्या खेळात 'नेटिव्ह' कोण, तर त्यांची स्वतःची गोरी आई. लेखकाला हे दिसत नसेल असं समजायचं कारण नाही. तो साम्राज्य कोसळताना पेट्रोग्राडच्या रस्त्यावर उभा होता.

आणखी एक. पुस्तकातली वॉकर मुलं अगदी इंग्रज आहेत. अलेप्पो नाही, अर्मेनियन आजोबा नाहीत. थोरली टाकी ही मुलगी पुस्तकात जॉन नावाचा मुलगा होऊन कप्तान झाली. यात कोणाचा कट नव्हता, कादंबरीकार असं करतातच. पण ब्रिटिश बालपणाचं जे अस्सल चित्र म्हणून जगभर गेलं त्यामागची खरी मुलं सिरियाहून आली होती, हे माहीत असलेलं बरं. पुस्तकातला सगळ्यात धाकटा खलाशी रॉजर, तो खरा रॉजर आल्टूनियन पुढे दुसऱ्या महायुद्धात वैमानिक झाला, मग डॉक्टर. त्याला स्वतःला दमा होता. औषध कंपनीत काम करताना तो मुद्दाम स्वतःला दम्याचा झटका आणवायचा आणि नवनवीन रसायनं स्वतःवर करून बघायचा. त्यातून क्रोमोग्लायकेट हे दम्याचं औषध आलं, आणि त्याची पूड श्वासातून घ्यायला विमानाच्या पंख्यासारखी फिरणारी एक नळी. ज्यांच्या घरात दमा आहे त्यांना हे नाव ठाऊक असेल.

रॅन्समला मान मिळाला. १९३६ साली बालसाहित्यासाठी कार्नेगी पदक सुरू झालं आणि पहिलंच पदक त्याच्या 'पिजन पोस्ट'ला गेलं. ग्रंथपालांना तो आवडायचा. एकेकाळी ज्याची फाइल उघडली होती तो आता सर्वमान्य आजोबा झाला.

दुसरा माणूस याच्या अगदी उलट. 'कॅप्टन' डब्ल्यू. ई. जॉन्स. कॅप्टन हे त्यानं स्वतःच लावून घेतलेलं, हवाई दलात तो कधी त्या हुद्द्याला पोचला नाही. पण लढला मात्र खरा. गॅलिपोली, मग सालोनिका, मग विमानदल. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेला असताना त्याचं विमान पाडलं गेलं, मागे बसलेला तोफवाला मेला, आणि हा युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. युद्धानंतर तो लंडनमध्ये हवाई दलाच्या भरती कचेरीत बसायचा. तिथे १९२२ मध्ये एक बुटका, हडकुळा इसम खोट्या नावानं भरतीला आला. जॉन्सनं कागद तपासले, नाव खोटं निघालं, हाकलून दिलं. तो परत आला तो वरिष्ठांची चिठ्ठी घेऊन. तो होता 'अरबस्तानचा लॉरेन्स', टी. ई. लॉरेन्स.

१९३२ मध्ये जॉन्स 'पॉप्युलर फ्लाइंग' या मासिकाचा संपादक झाला आणि त्यात बिगल्स नावाच्या वैमानिकाच्या गोष्टी सुरू केल्या. पुढे बिगल्सची शंभराच्या आसपास पुस्तकं झाली. हा बिगल्स जन्मला कुठे, तर हिंदुस्थानात. बाप इथल्या ब्रिटिश नोकरीत. पुस्तकांत ज्या सुरात काळ्या-पिवळ्या माणसांबद्दल बोललं जातं तो सूर आज कानाला टोचतो, आणि टोचायलाच हवा. पण हाच जॉन्स संपादक म्हणून सरकारच्या डोक्याला ताप झाला होता. हिटलरशी नमतं घेण्याचं चेंबरलेनचं धोरण आणि हवाई दलाची अपुरी तयारी यावर तो सातत्यानं लिहीत राहिला. १९३९ मध्ये संपादकपद गेलं. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि तो म्हणत होता ते खरं ठरलं. मग सरकारला त्याची आठवण झाली! तरुण मुलींनी हवाई दलाच्या महिला शाखेत यावं म्हणून हवाई मंत्रालयाला गोष्टी हव्या होत्या. जॉन्सनं 'वॉरल्स' ही धाडसी मुलगी उभी केली. पहिलं पुस्तक १९४१. लष्करालाही तसंच काही हवं होतं, मग 'गिमलेट' हा कमांडो आला. भरतीची जाहिरात, पण वेष्टण कथेचं. आणि मुलं आवडीनं वाचत होती, कारण माणसाला गोष्ट सांगता येत होती.

ऑर्वेलनं १९४० मध्येच पोरांच्या साप्ताहिकांवर एक लेख लिहून हे बोट ठेवलं होतं, की ही स्वस्त वाचनं मुलांच्या मनात नकळत एक विशिष्ट राजकारण भरतात. जेफ्री ट्रीझसारखा डाव्या विचारांचा लेखक तर १९३४ पासून उलट्या बाजूनं लिहीत होता, त्याचा रॉबिनहूड शेतकऱ्यांचं बंड उभारतो. म्हणजे हे भांडण इंटरनेटनं आणलेलं नाही.

आता युद्ध. या मालिकांमध्ये आईबाप गायब का असतात, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'सोयीसाठी'. बरोबरच आहे, आई शेजारी असेल तर चोरवाटेत कोण उतरणार. पण सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्या चार दिवसांत ब्रिटिश शहरांतून सुमारे १५ लाख माणसं खेड्यांत हलवली गेली, त्यातली बहुतेक शाळकरी मुलं, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली. आईबापांशिवाय अनोळखी गावात, अनोळखी घरात. त्या पिढीच्या पोरांना 'सुट्टीत मावशीकडे पाठवलेली मुलं' ही कल्पना नव्हती, तो त्यांचा पत्ता होता. माल्कम सॅव्हिलचं कुटुंबही लंडनच्या बाजूनं श्रॉपशायरच्या डोंगरांत हललं होतं; त्यातून १९४३ मध्ये 'मिस्टरी अ‍ॅट विचएंड' आलं, ज्यात मुलं डोंगरात लपलेले शत्रूचे हेर पकडतात. बीबीसीनं ते लगेच 'चिल्ड्रन्स अवर'मध्ये सादर केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

'फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड' १९४२ चं. ज्युलियन, डिक आणि अ‍ॅन यांना आईबाप काका-काकूंकडे धाडून देतात, तिथे जॉर्ज भेटते आणि टिमी कुत्रा. त्याच वर्षी ब्लायटनचा स्वतःचा घटस्फोट झाला आणि तिच्या दोन मुलींची त्यांच्या वडिलांशी गाठभेट पुढे जवळजवळ बंद झाली. ब्लायटन स्वतः तेरा वर्षांची असताना तिचे वडील दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले होते. जास्त अर्थ काढायला नको, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या मुलीला आई प्रेमळ आठवते, धाकटीनं आठवणी लिहिल्या त्यात ती थंड आणि दूरची आहे.

आणि ते खाणं! हॅम, केक, टोमॅटो, आइस्क्रीम, जिंजर बिअर. आपल्यापैकी कित्येकांना जिंजर बिअर म्हणजे दारूच वाटायची, ती आल्याचं गोड पेय आहे हे फार उशिरा कळलं. पण ते पुस्तक आलं त्या उन्हाळ्यात, जुलै १९४२ मध्ये, ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटसुद्धा रेशनवर गेली होती. रेशन पूर्ण संपलं ते १९५४ मध्ये, तोवर फेमस फाइव्हची २१ पैकी निम्म्याहून जास्त पुस्तकं येऊन गेली होती. भुकेल्या पोरांना लेखिका पानापानावर वाढत होती. (जिंजर बिअरबद्दलचं जे वाक्य सगळे तिच्या नावावर खपवतात, ते तिच्या एकाही पुस्तकात नाही. १९८२ मध्ये टीव्हीवर आलेल्या एका विडंबनातलं आहे ते.)

कागदही रेशनवर. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बनी लंडनच्या पुस्तकव्यवसायाची गल्ली, पॅटरनॉस्टर रो, जाळली, पन्नास लाखांच्या आसपास पुस्तकं एका रात्रीत गेली. प्रत्येक प्रकाशकाला ठरावीकच कागद. ब्लायटनचं डोकं इथे चाललं. ती एका प्रकाशकाला चिकटून राहिली नाही, अनेकांना एकेक मालिका दिली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यातला थोडा कागद तिला. दिवसाला सहा हजारांहून जास्त शब्द, मांडीवर टाइपरायटर. डोळे मिटले की पात्रं पडद्यावर दिसतात तशी दिसतात आणि मी नुसती उतरवून घेते, असं तिनं एका मानसशास्त्रज्ञाला कळवलं होतं. हे एकटीचं काम नाही, मागे लेखनिकांची फौज आहे, अशी अफवा उठली तेव्हा ती कोर्टात गेली आणि अफवा पसरवणाऱ्या एका ग्रंथपालबाईंना १९५५ मध्ये जाहीर माफी मागायला लावली.

तरी बीबीसीनं तिला घेतलं नाही. २००९ साली बीबीसीनं आपले जुने अंतर्गत कागद खुले केले, त्यात दिसतं की १९३० च्या दशकापासून ती गोष्टी पाठवतेय आणि आतले लोक एकमेकांना लिहितायत की यात दर्जा नाही, हे साधंसुमार आहे, लोकप्रिय असलं म्हणून काय झालं. सॅव्हिलला दार उघडं, रॅन्समच्या गोष्टींना दार उघडं, आणि देशात सगळ्यात जास्त वाचली जाणारी बालसाहित्यिका बाहेर. १९५० च्या नंतर अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनीही तिची पुस्तकं घ्यायचं थांबवलं किंवा कमी केलं. कारण दिलं जायचं ते भाषेचं. शब्दसंग्रह तोकडा, मुलांची चव बिघडते.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. भाषेचं म्हणणं चूक नव्हतं. रॅन्समचं एक पान आणि ब्लायटनचं एक पान शेजारी ठेवा, फरक दिसतो. पण ग्रंथालयानं पुस्तक न घेतल्यानं कोणाचं वाचन थांबतं? ज्याच्या बापाला दुकानातून पुस्तक घेणं परवडतं त्याचं नाही. खाणकामगाराच्या, मोलकरणीच्या पोराचं. तो मुलगा 'चांगल्या' पुस्तकाकडे वळला असेल असं समजणं भाबडेपणा आहे. शिडाची होडी, दाई आणि तळ्याकाठचं सुट्टीतलं घर असलेल्या वॉकर मुलांकडे तो का वळेल? वाचायची सवय लावणारं सोपं पुस्तकच त्याच्या हातून गेलं. ग्रंथपालांना वर्गाचा प्रश्न दिसत नव्हता असं नाही हां. १९३७ चं कार्नेगी पदक ईव्ह गार्नेटच्या पुस्तकाला गेलं, ज्यात बाप कचरा उचलतो आणि आई कपडे धुते. पण पदक देणं सोपं असतं.

मग वंशद्वेषाचं काय? ते म्हणणं आजच्या 'नाजूक' पिढीनं काढलं, असं जे म्हणतात त्यांना फक्त एक साल सांगतो : १९६०. त्या वर्षी मॅकमिलन या तिच्या जुन्या प्रकाशकानं तिचं 'द मिस्टरी दॅट नेव्हर वॉज' छापायला नकार दिला, कारणांमध्ये एक हे की त्यात परक्या देशाच्या माणसांबद्दल जुनाट आकस आहे. चोर परदेशी आहेत एवढ्यानंच जणू ते चोर ठरतात. ब्लायटन तेव्हा हयात होती, यशाच्या शिखरावर होती. दुसऱ्या प्रकाशकानं ते छापलं. १९६६ मध्ये एका काळ्या बाहुलीच्या तिच्या गोष्टीवर वर्तमानपत्रात टीका झाली. त्या बाहुलीचा चेहरा पावसानं धुऊन गोरा होतो आणि मग ती सगळ्यांची लाडकी होते. आपल्या लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणजे आक्षेप खरा आहे आणि जुना आहे. वाद आहे तो त्यावर करायचं काय याचा. आणि इथे आपण चार वेगळ्या गोष्टींची भेळ करतो. प्रकाशकानं नवं हस्तलिखित नाकारणं हा त्याचा हक्क. मॅकमिलननं ते केलं, मला ते योग्य वाटतं. लेखिकेच्या नावानं नाणं काढायचं की नाही हा सन्मानाचा प्रश्न. तिच्या मृत्यूला ५० वर्षं होणार म्हणून तसं नाणं सुचवलं गेलं होतं, टांकसाळीच्या सल्लागार समितीनं २०१६ मध्ये नको म्हटलं आणि २०१९ मध्ये ते कागद बाहेर आल्यावर गदारोळ झाला. नाणं न निघाल्यानं एकाही मुलाचं एकही पुस्तक गेलं नाही, तेव्हा मला त्यात गहजब करण्यासारखं काही दिसत नाही. ग्रंथालयातून काढणं, ते वर सांगितलं. चौथी गोष्ट म्हणजे मजकूरच बदलणं, आणि माझं भांडण जास्त करून हिच्याशी आहे.

कारण बदल करणारे नेहमी मुलांची काळजी म्हणूनच करतात असं नाही, बाजारासाठी करतात. बिगल्सच्या सुरुवातीच्या एका गोष्टीत वैमानिकांची पैज लागते ती व्हिस्कीच्या पेटीवर. गोष्टी आधी मोठ्यांच्या मासिकात आल्या होत्या ना. पुढे पोरांसाठी नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा व्हिस्कीचं लिंबूसरबत झालं. रोज मरणाच्या दारात जाणारी, रात्री पिऊन झोपणारी वीस वर्षांची पोरं सरबताच्या पेटीसाठी जीव धोक्यात घालतायत! सैनिक का पितात हा प्रश्नच त्या मुलांच्या हातून काढून घेतला. मात्र वंशाबद्दलचे शेरे त्याच आवृत्त्यांत पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. टिटीचं नाव एका जुन्या शिशुकथेतल्या उंदरावरून आलेलं; पण त्या शब्दाला बोलीत नको तो अर्थ असल्यानं १९६३ च्या बीबीसी मालिकेत ती 'किटी' झाली आणि २०१६ च्या सिनेमात 'टॅटी'. त्याच सिनेमात रशियन हेर मात्र नव्यानं घातले, कारण आता रॅन्समची फाइल उघडलेली होती आणि हेर खपतात.

ब्लायटनच्या बाबतीत २०१० मध्ये हॉडर या प्रकाशकानं फेमस फाइव्हची भाषा 'आजची' केली. 'मदर-फादर'चं 'मम-डॅड' झालं, शाळेतले जुने शब्द गेले. परक्या दिसणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा ही गोष्टीची चाल शब्द बदलून बदलत नाही, ती कथानकातच शिवलेली आहे. अ‍ॅननं भांडी घासायची आणि ज्युलियननं हुकूम सोडायचे, हेही तसंच. म्हणजे जे टोचायला हवं ते राहिलं आणि फक्त काळाचा वास तेवढा गेला. मुलांनाही ते रुचलं नाही. २०१६ मध्ये प्रकाशकानं प्रयोग फसल्याचं मान्य करून जुनी भाषा परत आणली.

घरी काय करायचं असं कोणी विचारलं तर मी सांगतो, द्या वाचायला, पण एकटं देऊ नका. मुलांना यातलं बरंच काही आपल्याआधी दिसतं. 'हे लोक सारखे त्या बाईलाच का स्वयंपाक करायला लावतात' हा प्रश्न आठ-नऊ वर्षांची मुलगी विचारतेच. फक्त विचारायला कोणीतरी शेजारी हवं. सोबत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही ठेवा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला हा किडकिडीत पोरगाही आईबापांपासून लांब राहूनच उचापती करतो, पण त्याला बेट लागत नाही, सायकल पुरते.

आणि फूटपाथवर किंवा जुन्या बाजारात ब्लायटन दिसली तर मुखपृष्ठ बघून उचलू नका, उलटून आतलं सालाचं पान बघा. २०१० ते २०१६ च्या मधली छपाई असेल तर ती बहुधा 'मम-डॅड'वाली आहे. त्याआधीची पिवळी पडलेली मिळाली तर ती घ्या.